ढेप वाढवली, दूध का वाढले नाही?



दीड महिन्यापूर्वी भोकरदन तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. काम होते रब्बीच्या बियाण्याचे. ते आटोपून निघणार, एवढ्यात एका घरच्या ताईंनी हाक मारली, "साहेब, जरा गोठ्यात येऊन जा." गोठ्यात एक संकरित गाय होती. दुसऱ्या वेताची, विऊन अडीच महिने झालेली. पलीकडे तिची कालवड बांधलेली. ताईंनी कोनाड्यातून एक डबा काढला आणि माझ्या हातात दिला. डब्यावर गाईचे चित्र आणि मोठ्या अक्षरांत 'अमिनो' असा शब्द. दारावर आलेल्या कुणा विक्रेत्याने तो खपवलेला. दुधाच्या दहा दिवसांच्या पगारातले निम्मे पैसे त्या डब्यात गेले होते.

ताई म्हणाल्या, "रोज दोन चमचे ढेपेवर टाकते. पंधरा दिवस झाले. दूध आठ लिटर होतं, ते आठच आहे. त्याच्या आधी ढेपसुद्धा दीड किलोनं वाढवून बघितली. सेंटरवर एसएनएफ काही आठ-दोनच्या वर जाईना. भाव कापला जातोय. आता तुम्हीच सांगा, हिला कमी काय पडतंय?"

त्या घरची जमीन दोन एकर कोरडवाहू. कपाशीची बोंडे पावसात भिजून काळी पडलेली. थोरली मुलगी जालन्याला खोली करून बारावी शिकते. तिच्या खोलीचे भाडे आणि डबा याच गाईच्या दुधावर चालतो. गाय कर्जाने घेतलेली आहे, ते हप्तेही त्यातूनच जातात. म्हणून ताईंच्या प्रश्नाला दोन वाक्यांत उत्तर देऊन निघून जाणे मला बरे वाटले नाही. तिथेच बाजेवर बसून सगळे बोललो. तेच आज तुम्हांलाही सांगतो, कारण हा प्रश्न जिल्ह्यातल्या पुष्कळ गोठ्यांतला आहे.

दुधात प्रथिने येतात कुठून?

एक लिटर गाईच्या दुधात बहुतेक पाणीच असते. बाकीच्यात फॅट म्हणजे स्निग्धांश सुमारे ३५ ते ४० ग्रॅम, दुधाची साखर ४५ ते ४८ ग्रॅम, प्रथिने सुमारे ३२ ग्रॅम आणि क्षार ७ ग्रॅमच्या आसपास. फॅट सोडून जे उरते, म्हणजे साखर, प्रथिने आणि क्षार, त्यालाच सेंटरवर एसएनएफ म्हणतात. आपल्याकडे गाईच्या दुधाचा भाव बहुतेक ठिकाणी ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या मापावर धरतात. एसएनएफमधला तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग प्रथिनांचा असतो. म्हणजे प्रथिने घटली की एसएनएफ घटतो, आणि एसएनएफ घटला की पैसे घटतात.

२०१६ साली विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्प सुरू झाला, त्यात आपला जालना जिल्हाही घेतला गेला. दूध मोजून घेणारी केंद्रे गावाजवळ आली. चिठ्ठीवर आकडे येऊ लागले. आकडा रोज हातात येतो, पण तो कशाने हलतो हे मात्र कुणी सांगत नाही.

दहा लिटर दूध देणारी गाय रोज ३२० ग्रॅम प्रथिने दुधातून बाहेर टाकते. ही प्रथिने कासेत तयार होतात. ज्या सुट्या भागांपासून ती जोडली जातात त्यांना अमिनो आम्ले म्हणतात. अशी सुमारे वीस अमिनो आम्ले आहेत. रक्त ती कासेपर्यंत आणून देते आणि कास त्यांची जुळणी करते. त्यांतली काही शरीर स्वतः बनवू शकते. नऊ-दहा अशी आहेत की ती आतड्यातूनच मिळावी लागतात. लायसिन आणि मेथिओनिन ही त्यांतली दोन नावे लक्षात ठेवा. दुभत्या गाईला बहुधा हीच दोन आधी कमी पडतात.

कमी पडणे म्हणजे काय, ते सुताराच्या उदाहरणाने समजेल. बैलगाडीला चाके दोन आणि जू एक. सुताराकडे जू पंधरा आणि चाके मात्र दहाच असली, तर गाड्या पाचच तयार होणार. उरलेली दहा जू पडून राहणार. अमिनो आम्लांचेही तसेच आहे. एक कमी पडले की बाकीची कितीही असोत, दूध तेवढ्यावरच अडते. उरलेली अमिनो आम्ले शरीर मोडून टाकते.

आपल्या स्वयंपाकघरात हा हिशेब आजी-पणजीपासून चालत आला आहे. ज्वारीत लायसिन कमी असते, हरभऱ्याच्या बेसनात ते भरपूर असते. बेसनात मेथिओनिन कमी, ते ज्वारी भरून काढते. पिठले-भाकरी एका ताटात आली की दोघांची उणीव भागते. ही जोडी कुणी पुस्तक वाचून लावलेली नाही.

मग गाईलाही तशीच जोडी लावून दिली की झाले, असे वाटेल. इथेच आपण चुकतो. गाईचे पोट आपल्यासारखे नाही.

आधी पंगत जिवाणूंची

गाय चारा गिळते, तो पहिल्याने कोठीपोटात जातो. मोठ्या गाईचे कोठीपोट शंभर लिटरच्या घरात असते. त्यात कोट्यवधी जिवाणू असतात. आपण ढेप घालतो, ती गाईच्या आधी हे जिवाणू खातात. ढेपेतल्या प्रथिनांचा बराचसा भाग ते फोडतात, त्याची अमिनो आम्ले करतात, तीही फोडून अमोनिया करतात आणि मग त्या अमोनियापासून स्वतःच्या शरीराची नवी प्रथिने बांधतात. पुढे हेच जिवाणू चाऱ्याबरोबर वाहत चौथ्या पोटात आणि लहान आतड्यात जातात. तिथे गाय त्यांना पचवते. गाईच्या रक्तात जाणाऱ्या अमिनो आम्लांपैकी निम्मी किंवा त्याहून जास्त या जिवाणूंच्या शरीरातून आलेली असतात. शिवाय हे प्रथिन उत्तम प्रतीचे असते. त्यात लायसिन चांगले असते.

फिनलंड देशात आर्तुरी व्हिर्तानेन नावाचे मोठे रसायनशास्त्रज्ञ होऊन गेले. चारा टिकवण्याच्या पद्धतीबद्दल त्यांना १९४५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी पुढे १९६० नंतरच्या दशकात एक विलक्षण प्रयोग केला. काही गाईंना प्रथिने असलेला चारा जवळजवळ दिलाच नाही. शुद्ध केलेली पिष्टे आणि साखर, तंतू, आणि नत्रासाठी युरिया व अमोनियाचे क्षार, एवढ्यावर गाई सांभाळल्या. हळूहळू सवय लावल्यावर त्या गाईंनी दूध दिले. त्यांतल्या चांगल्या गाईने वर्षाला सुमारे ४ हजार किलो दूध दिले. हा प्रयोग आपण करायचा नाही. तो शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली झाला. घरच्या गाईला युरिया सरळ घातला तर ती तासा-दोन तासांत मरू शकते. पण या प्रयोगाने एक गोष्ट पक्की झाली. सगळी अमिनो आम्ले तयार करण्याची ताकद कोठीपोटातल्या जिवाणूंत आहे.

मात्र जिवाणूंनाही दोन गोष्टी एकाच वेळी लागतात. भाकरी करायला पीठ लागते आणि चुलीला जाळ लागतो. ढेप हे झाले पीठ. मक्याचा किंवा ज्वारीचा भरडा, गूळ आणि कोवळा हिरवा चारा यांतून मिळणारी ऊर्जा हा झाला जाळ. पीठ भरपूर मळले आणि चूल विझली, तर भाकरी होत नाही. कोठीपोटात ढेप भरपूर आणि ऊर्जा कमी असली तर अमोनिया सुटतो, पण जिवाणूंना तो वापरता येत नाही. तो अमोनिया रक्तात जातो, काळीज त्याचा युरिया करते, आणि तो मूत्रातून आणि थोडा दुधातून बाहेर जातो. म्हणजे महागाची ढेप मोरीत वाहून जाते. वर त्या युरियाला बाहेर काढण्यातही गाईची ताकद खर्च होते. रक्तात तो फार वाढला तर गाय गाभण राहण्यातही अडचण येते.

माझी चूक

हे मी आज सांगतो आहे, पण पूर्वी मीच उलटा सल्ला दिला होता. १९९९ साली मी नोकरीत नवा होतो. बदनापूर भागातल्या एका शेतकऱ्याकडे पहिल्या वेताची चांगली गाय होती. दूध सात-आठ लिटर. दावणीत वाळलेला कडबा आणि तीन किलो सरकीची ढेप. मी वहीत प्रथिनांचा हिशेब मांडला आणि सांगितले, ढेप पाच किलो करा. हिशेब कागदावर बरोबर होता. सरकीच्या साध्या ढेपेत, म्हणजे टरफलासकट गाळलेल्या ढेपेत, २० ते २३ टक्के प्रथिने असतात. पाच किलोत एक किलोहून जास्त झाली. कडब्यातली थोडी धरली तर दहा लिटर दुधाला पुरतील एवढी.

त्या माणसाने उधारीवर पोती आणली. दूध अर्धा लिटर वाढले आणि थांबले. गाय दोनदा उलटली. सकाळी गोठ्यात शिरले की डोळ्यांना झोंबेल असा वास यायचा. मी तो वास घेतला होता आणि गोठा साफ ठेवा एवढेच सांगून निघून आलो होतो. चार महिन्यांनी गेलो तेव्हा दावण रिकामी होती. ढेपेची उधारी भागवायला त्यांनी गाय बाजारात विकली होती, तीही घेतल्या भावापेक्षा कमी किमतीत. मला त्यांनी एक शब्द बोलून दाखवला नाही. घरच्या वहिनींनी चहा दिला. तो चहा माझ्या अजून लक्षात आहे.

त्या गाईला ढेप कमी पडत नव्हती. तिच्या दावणीत मक्याचा दाणा नव्हता, हिरव्याची काडी नव्हती, क्षारमिश्रण नव्हते. तिच्या पोटात पीठ होते, जाळ नव्हता. मी तिला आणखी पीठ घातले.

तर मग दावणीत काय असावे?

जालना म्हणजे 'सोने का पालना' असे जुने लोक म्हणत. आपल्या जिल्ह्यात कपाशी आहे, तूर आहे, सोयाबीन आहे, मका आहे. चांगल्या खुराकाला लागणारा बहुतेक माल आपल्याच शिवारात पिकतो. फक्त तो सगळा विकला जातो आणि एकटी ढेप विकत घरी येते. पुढचे प्रमाण १०० किलो खुराकासाठी आहे.

मक्याचा भरडा ३५ किलो, सरकीची ढेप २८ किलो, सोयाबीनची ढेप १२ किलो, तुरीची चुनी १२ किलो, गव्हाचा कोंडा १० किलो, क्षारमिश्रण २ किलो, मीठ १ किलो.

यात प्रथिने १८ टक्क्यांच्या आसपास येतात. मका आणि कोंडा जाळ पुरवतात. सोयाबीनची ढेप आणि चुनी कोठीपोटात बऱ्यापैकी फुटते आणि जिवाणूंना लवकर मिळते. सरकीच्या ढेपेतला काही भाग तिथे न फुटता पुढे आतड्यात जातो. सरकीत आणि मक्यात लायसिन कमी असते. ते जिवाणू भरून काढतात, आणि तूर, सोयाबीन यांचा न फुटलेला भागही भर घालतो. म्हणजे पिठले-भाकरीचाच न्याय, पण जिवाणूंच्या पंगतीनंतरचा.

दहा लिटर दूध देणाऱ्या, सुमारे ४०० किलो वजनाच्या संकरित गाईला दिवसाला हा खुराक साडेचार ते पाच किलो, दोन-तीन वेळांत विभागून द्यावा. सोबत कडब्याची कुटी ५ किलो, हिरवा मका किंवा ज्वारी १२ ते १५ किलो, आणि लसूणघास ५ किलो. दूध कमी-जास्त असेल तर साधा हिशेब धरा. शरीर पोसायला एक किलो खुराक, आणि दर अडीच लिटर दुधामागे आणखी एक किलो. म्हशीला दर दोन लिटरमागे एक किलो.

लसूणघासासाठी विहिरीजवळ दोन-तीन गुंठे पुरतात. बांधावर सुबाभूळ असेल तर तिचा पाला चालतो. पण एकूण हिरव्या चाऱ्यात तो तिसऱ्या हिश्शाहून जास्त नसावा, आणि रोज तोच तो घालू नये.

काही गोष्टी ठळक सांगतो.

पहिली, बदल हळू करा. नव्या खुराकाची सवय जिवाणूंना लागायला दहा-पंधरा दिवस लागतात. रोज पावशेर-अर्धा किलो याप्रमाणे जुने कमी करा आणि नवे वाढवा. मक्याचा भरडा एकदम जास्त घातला तर पोटात आम्ल वाढते, गाय चारा सोडते, प्रसंगी जिवावर बेतते.

दुसरी, नुसता खुराक आणि चारा कमी, असे करू नका. रवंथ होण्यासाठी कुटी लागतेच. रवंथ करताना येणारी लाळ पोटातले आम्ल मोडते. दुपारी गाई बसलेल्या असताना पाहा. निम्म्याहून जास्त गाई रवंथ करीत असल्या पाहिजेत.

तिसरी, पाणी. दहा लिटरच्या गाईला दिवसाला ६० ते ८० लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. २०१२ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा वाळल्या, तशा गाईही आटल्या. त्या वेळी चाऱ्याइतकीच पाण्याची टंचाई होती. पाणी कमी झाले की गाय चारा कमी खाते, आणि चारा कमी झाला की जिवाणूही कमी होतात.

चौथी, कच्चे सोयाबीन दळून घालण्याआधी विचार करा. त्यात पचनाला अडथळा करणारे घटक असतात. घरचेच सोयाबीन घालायचे तर भाजून, भरडून, थोडे घाला. भाजल्याने ते घटक मोडतात आणि त्यातली प्रथिनेही कोठीपोटात जरा सावकाश फुटतात. युरियाची प्रक्रिया केलेला चारा चालू असेल तर कच्चे सोयाबीन अजिबात घालू नका. दोन्ही मिळून विषबाधा होऊ शकते.

पाचवी, बुरशी आलेली ढेप स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. पोते उघडल्यावर कुबट वास आला, गाठी दिसल्या, तर परत करा. बुरशीचे विष गाईच्या पोटातून दुधात उतरते, आणि ते दूध आपलीच मुले पितात.

कमी कशाचे आहे, हे कसे ओळखायचे?

शेण आणि सेंटरची चिठ्ठी, दोन्ही पाहत चला. शेण घट्ट, कोरडे, गाठीगाठींचे; गाय चारा सावकाश खाते; एसएनएफही कमी. अशा वेळी प्रथिने कमी असण्याचा संभव जास्त. शेण पातळ, गोठा रोज साफ करूनही मूत्राचा उग्र वास, ढेप भरपूर, तरी एसएनएफ कमी. अशा वेळी ऊर्जा कमी आहे असे समजा आणि भरडा व हिरवा चारा वाढवा. फॅट एकदम घसरली आणि रवंथ कमी झाली, तर खुराक जास्त आणि कुटी कमी होते आहे. याशिवाय दगडी, जंत, ऊन यांनीही दूध घटते. म्हणून कास गरम, सुजलेली दिसली किंवा दूध फाटले तर खुराकाच्या हिशेबात वेळ घालवू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात जा.

त्या डब्याचे काय?

आता ताईंच्या डब्याकडे येऊ. अमिनो आम्लांची साधी भुकटी ढेपेवर टाकली तर ती प्रथम कोठीपोटातच जाते. तिथे जिवाणू तिचा बहुतेक भाग फोडून टाकतात. आतड्यापर्यंत फारच थोडी पोहोचते. म्हणून मोठ्या दुग्धशाळांत लायसिन आणि मेथिओनिनवर खास लेप देऊन ती वापरतात, म्हणजे ती कोठीपोटातून सुखरूप पुढे जातात. पण ज्या गाई वीस-पंचवीस लिटर आणि त्याहून जास्त दूध देतात, ज्यांचा बाकीचा आहार तोलून मापून दिलेला असतो, त्यांनाच त्याचा फायदा दिसतो. गाडीला चाकेच नसताना सोन्याचे जू आणून काय उपयोग?

त्याच्या अलीकडची एक पायरी आहे. गाय दहा-बारा लिटरच्या वर गेली की नुसत्या जिवाणूंच्या प्रथिनांवर तिचे भागत नाही. तेव्हा कोठीपोटात न फुटणारी प्रथिने जास्त लागतात. त्यांना बायपास प्रथिने म्हणतात. आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने ढेपेवर प्रक्रिया करून असे खाद्य बनवण्याचे तंत्र आपल्या देशात रुजवले. ती प्रक्रिया कारखान्यात, मोजून मापून करावी लागते. घरी तिच्या वाटेला जाऊ नये. अशी गाय असेल तर पोत्यावरची माहिती वाचून, पक्के बिल घेऊन ते खाद्य आणा. याच मंडळाने आहार संतुलनाची पद्धतही गावोगाव नेली. गाईचे वजन, दूध, फॅट आणि घरात असलेला चारा यांवरून कमीत कमी खर्चाचा आहार काढायचा, असा तो हिशेब असतो. आपल्या खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन आपल्या गाईचा आहार विचारून घ्या. जाताना घरी कोणता चारा किती आहे ते कागदावर लिहून न्या.

कालवडीला विसरू नका

ताईंच्या गोठ्यातून निघताना मी कालवडीच्या पाठीवरून हात फिरवला. केस राठ, पोट सुटलेले. दूध सेंटरला जावे म्हणून तिचे दूध लवकर तोडले होते. लहान वासराचे कोठीपोट तयार झालेले नसते. त्याच्या पोटात जिवाणूंची ती फौज अजून उभी राहिलेली नसते. म्हणून त्याला लागणारी अमिनो आम्ले सरळ दुधातूनच मिळावी लागतात. जन्मल्याबरोबर, शक्यतो पहिल्या तासात चीक पाजा. नंतर दोन-अडीच महिने वजनाच्या दहाव्या हिश्शाइतके दूध रोज द्या आणि दुसऱ्या आठवड्यापासून थोडा भरडा व मऊ वाळलेला चारा पुढे ठेवा. दाणा खाण्यानेच कोठीपोट वाढीला लागते. सरकीची ढेप लहान वासरांना घालू नका. सरकीत असलेला एक विषारी घटक मोठ्या गाईचे कोठीपोट निभावून नेते, वासराला ते जमत नाही. आणि युरिया असलेले काहीही सहा महिन्यांच्या आतल्या वासराजवळ नको.

आज वाचवलेले एक लिटर दूध आज पैसे देते. पण नीट न वाढलेली कालवड माजावर उशिरा येते, आणि ते वर्षभराचे नुकसान कुठल्याच चिठ्ठीवर लिहून येत नाही.

पुढे काय झाले?

ताईंनी डबा बंद केला. ढेप साडेपाच किलोवर गेली होती, ती हळूहळू उतरवली. घरात मका होता, विकायला काढलेला. त्यातली दोन पोती मागे ठेवली आणि भरडून आणली. शेजारच्या विहिरीवर लसूणघास होता, तो सध्या विकत घेतात. स्वतःच्या दोन गुंठ्यांत आता पेरला आहे. क्षारमिश्रण चालू केले. रोजचा आकडा मुलाच्या वहीत लिहायला लावला.

गेल्या आठवड्यात त्या बाजूला गेलो तेव्हा वही पाहिली. दूध सव्वानऊ लिटर. एसएनएफ ८.४. फार मोठी उडी नाही. पण ढेपेचा खर्च निम्म्यावर आला, आणि भरडा, लसूणघास धरूनही एकूण खर्च पूर्वीपेक्षा जास्त झालेला नाही. ताई म्हणाल्या, "साहेब, गोठ्यातला तो वास गेला बघा." मला त्या वेळी १९९९ सालचा गोठा आठवला. गाय अजून माजावर यायची आहे, तेव्हा पुढचे काय ते नंतर कळेल. लसूणघास पहिल्या कापणीला आला की तोही खर्च कमी होईल.

तेव्हा मंडळी, दूध वाढत नाही म्हणून ढेपेचे पोते आणायला निघाल, तेव्हा आधी दावणीकडे एकदा पाहा. भरडा आहे का? हिरवे आहे का? कुटी, पाणी, क्षारमिश्रण आहे का? हे असेल आणि तरीही कमी पडत असेल, तरच ढेप वाढवा. आणि कुणी डबा घेऊन दारात आला, तर त्याला एवढेच विचारा, "हे कोठीपोटातून पुढे जाते का?" उत्तर पक्के मिळाले नाही तर पैसे जपून ठेवा. मुलांच्या फीला उपयोगी पडतील.

हिरवा चारा उन्हाळ्यात कुठून आणायचा, हा पुढचा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. पुढच्या आठवड्यात मुरघासाविषयी बोलू. मका चिकात असतानाच तोडावा लागतो, तेव्हा ज्यांच्या शेतात मका उभा आहे त्यांनी घाई करून तो वाळू देऊ नये.

राम राम.